दिव्यामागची फ्लॉरेन्स

दवाखान्यात कुणाला भेटायला गेलो की आपण काय करतो? दाराबाहेर डॉक्टरांशी कुजबुजतो आणि आत येऊन पेशंटला सांगतो, की काळजी करू नका, काही झालेलं नाही! मैत्रिणींनो, या दोन्ही सवयींवर एका बाईनं १८५९ मध्येच बोट ठेवलं होतं. तिचं नाव फ्लॉरेन्स नाइटिंगेल.

हातात दिवा घेतलेली फ्लॉरेन्स आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. पण गाण्याची वेडी फ्लॉरेन्स? १२ मे १८२० ला एका श्रीमंत इंग्रज घरात ती जन्मली. तरुणपणी युरोपच्या प्रवासात तिला ऑपेराचं चक्क वेड लागलं. तिनं लग्न करून सुखात राहावं, ही आईची इच्छा. तिला मात्र रुग्णसेवा करायची होती. त्या काळी दवाखान्यातल्या परिचारिका म्हणजे दारुड्या, अडाणी बायका असा समज. घरात वर्षानुवर्षं रडारड, अबोला. अखेर १८५१ मध्ये जर्मनीत जाऊन ती शिकलीच.

१८५४ मध्ये क्रिमियाच्या युद्धात ३८ परिचारिका घेऊन ती तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी दवाखान्यात पोहोचली. तिथे जखमांपेक्षा घाणीनं आणि साथीनं जास्त सैनिक मरत होते. स्वच्छता, धुतलेले कपडे, नीट शिजवलेलं अन्न, यासाठी ती झगडली. पण तेवढ्यावर थांबली नाही. बऱ्या होणाऱ्या सैनिकांसाठी तिनं वाचनाच्या खोल्या काढल्या, दारूच्या गुत्त्याऐवजी कॉफीचं दुकान सुरू करवलं. पुस्तकं, खेळ, गाण्याचे वर्ग आले. सैनिकांनी हौशी नाटकंही बसवली. हे लोक फक्त पिणार, असं म्हणणाऱ्या अधिकाऱ्यांची तोंडं बंद झाली. सहा महिन्यांच्या आत त्याच सैनिकांनी तिच्या खटपटीमुळे ७१ हजार पौंड घरी पाठवले.

परतल्यावर ती स्वतःच अंथरुणाला खिळली. १८५७ पासून कित्येक वर्षं खोलीतच गेली. म्हणून की काय, तिच्या नर्सिंगवरच्या छोट्या पुस्तकात आजाऱ्याचं मन इतकं नेमकं उतरलंय. एकच भिंत बघून माणूस खचतो, त्याला रंगीत फुलं द्या. जुन्या दुखण्याला पिंजऱ्यातल्या पाखराची सोबत चांगली. खोटा धीर नको, एखादी खरी आनंदाची बातमी सांगा. संगीताबद्दलही तिनं लिहिलं: माणसाचा गळा, फुंकून वाजवायची वाद्यं, सलग सूर धरणारी तंतुवाद्यं आजाऱ्याला मानवतात; तुटक वाजणारा पियानो मात्र त्रास देतो. आणि घेरदार झग्यांची सळसळ तर नकोच!

१८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात तिच्या नावानं परिचारिकांची शाळा निघाली. हिंदुस्थानात ती कधी आली नाही, पण इथल्या खेड्यांच्या आरोग्यासाठी खोलीत बसून तिनं अनेक वर्षं काम केलं. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही तिचा पत्रव्यवहार होता. १३ ऑगस्ट १९१० ला, नव्वदाव्या वर्षी ती गेली.

तेव्हा पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना शहाळ्यासोबत एखादी गमतीची, घरातल्या पिल्लाची खरी गोष्टही न्या. आणि पेशंटला आवडत असेल, तर हळू आवाजात एखादं गाणं. कुजबूज मात्र दवाखान्याच्या फाटकाबाहेरच ठेवा.