बाबूराव अर्नाळकर : रहस्यकथाकाराचे जीवित आणि त्याचा वाचक

मराठी कादंबरीच्या इतिहासग्रंथांत बाबूराव अर्नाळकरांच्या वाट्याला सामान्यतः एखादा परिच्छेद येतो, आणि त्यातही त्यांच्या ग्रंथसंख्येविषयी विस्मय व्यक्त करण्यापलीकडे फारसे काही नसते. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या लेखकाची एवढ्यावर बोळवण व्हावी, ही गोष्ट त्या लेखकापेक्षा आपल्या वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीविषयी अधिक सांगून जाते. अर्नाळकरांचे जीवित वाचकापासून वेगळे काढता येत नाही. त्यामुळे त्यांच्या चरित्राचा विचार करताना वाचकवर्गाचाही विचार करणे क्रमप्राप्त ठरते.

चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचे मूळ नाव. जन्म ९ जून १९०६ रोजीचा. अर्नाळा हे वसईनजीकचे सागरतीरावरील गाव त्यांच्या लेखननामात कायमचे राहिले; मात्र त्यांचे कर्तृत्व घडले ते मुंबई शहरात. विद्यापीठीय वर्तुळाशी अथवा वाङ्मयीन नियतकालिकांच्या प्रतिष्ठित गटांशी त्यांचा संबंध नव्हता. चष्म्यांच्या दुकानाचा व्यवसाय सांभाळणारा हा गृहस्थ लेखनाकडेही नियमाने, खंड न पाडता करावयाचे काम म्हणूनच पाहत असावा, असे त्यांच्या ग्रंथसंख्येवरून वाटते.

अर्नाळकरांपूर्वी मराठीत अद्भुत व रहस्यप्रधान कथानकांची परंपरा होतीच. गो. ना. दातार यांनी रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्यांचा आधार घेऊन 'कालिकामूर्ती', 'इंद्रभुवनगुहा' यांसारख्या कादंबऱ्या लिहिल्या. शिकारीच्या वेळी सिंहगडाच्या कड्यावरून कोसळून कमरेखाली लुळ्या पडलेल्या नाथमाधवांनी 'वीरधवल'सारख्या अद्भुतरम्य कादंबरीने वाचकांना वेड लावले. या कादंबऱ्या विस्तीर्ण होत्या आणि त्यांना निवांत वाचक अभिप्रेत होता. अर्नाळकरांनी हा विस्तार टाकला. एका बैठकीत संपणारे छोटेखानी पुस्तक, पहिल्याच प्रकरणात घडणारा गुन्हा, लहान वाक्ये, संवादांवर भर आणि ओळखीचा नायक अशी त्यांची रचना होती. शहरातील दिनक्रमाने ज्याचा वेळ तुकड्यातुकड्यांत वाटला गेला आहे, अशा वाचकाला सोसेल असा हा आकृतिबंध होता.

त्यांच्या मानसपुत्रांत धनंजय, झुंजार व काळापहाड हे विशेष गाजले. धनंजय आणि त्याचा सहकारी छोटू ही जोडी होम्स-वॉटसन यांच्या परंपरेतील आहे. काळापहाडाचे मूळ ब्रूस ग्रॅमच्या ब्लॅकशर्ट या पात्रात आहे. ही उसनवारी लपून राहण्याजोगी नव्हती. तथापि आधार घेणे आणि रुजविणे या दोन भिन्न क्रिया होत. लंडनचे धुके व उमरावांचे वाडे यांच्या जागी मुंबईचे रस्ते, बंगले आणि बंदर आले. पात्रांना मराठी नावे मिळाली, आणि झुंजारच्या साहसांत त्याची पत्नी विजया सहभागी झाली. या नायकांना चेहरे देण्याचे काम पुष्कळ अंशी रघुवीर मुळगावकरांच्या मुखपृष्ठांनी केले. पुस्तक उघडण्यापूर्वीच वाचकाने नायकाला पाहिलेले असे.

हा वाचक केवळ मुंबईचा नव्हता. सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्याचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक ठरते. कोयना आणि केरा यांच्या संगमावर वसलेल्या या गावाभोवतीचा प्रदेश डोंगराळ, शेती तुटपुंजी. परिणामी येथील असंख्य पुरुष गिरण्यांत, गोद्यांत आणि बाजारांत हमाली करण्यासाठी मुंबईस गेले. माथाडी कामगारांचे नेते अण्णासाहेब पाटील याच तालुक्यातले. गावकऱ्यांच्या सामाईक खोल्यांत राहणाऱ्या या श्रमिकांपैकी ज्याला वाचता येई त्याने वाचावे आणि इतरांनी ऐकावे, अशा परिस्थितीत पुस्तकाचा वाचक हा त्याच्या खरेदीदारापेक्षा कितीतरी पटींनी मोठा असतो. सुट्टीवर गावी निघालेल्या चाकरमान्याच्या वळकटीतून असे पुस्तक घाटावर पोहोचले की ते हातोहात फिरे. विक्रीच्या आकड्यांवरून रहस्यकथेचा प्रभाव मोजता येत नाही, तो यामुळे.

याच प्रदेशाच्या इतिहासातून अर्नाळकरांच्या लोकप्रियतेचे आणखी एक कारण सूचित होते. पाश्चात्त्य गुप्तहेरकथा कायद्यावरील विश्वास गृहीत धरते. गुन्हेगार पकडला गेला की समाज पूर्ववत होतो. वासाहतिक राजवटीत हा विश्वास कोठून यावा? १९४२ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात कराड, पाटण, तासगाव, वडूज व इस्लामपूर येथील कचेऱ्यांवर मोर्चे गेले. वडूज आणि इस्लामपूर येथे गोळीबार झाला. पुढे १९४६ पर्यंत क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने सातारा जिल्ह्यात स्वतःची न्यायव्यवस्था चालविली. सरकारदरबारी जो फरारी, तोच गावाचा रक्षक, हा येथील लोकांचा प्रत्यक्ष अनुभव होता. पोलिसांना हुलकावणी देऊन दुर्जनांना लुटणारा काळापहाड अशा वाचकाला परका वाटण्याचे कारण नव्हते. वाळवे तालुक्यातील वाटेगावचे अण्णा भाऊ साठे यांनी 'फकिरा' (१९५९) मध्ये कायद्याबाहेरच्या नायकाला दुष्काळ, भूक व जातिव्यवस्था यांच्या वास्तवात उभे केले. अर्नाळकरांनी त्याच प्रेरणेला रंजनाच्या पातळीवर ठेवले. दोहोंतील अंतर मोठे आहे. परंतु दोघांचा वाचक पुष्कळदा एकच होता, हे नाकारता येणार नाही.

अर्नाळकरांच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. त्यांची पात्रे बदलत नाहीत, योगायोगांची रेलचेल असते, आणि लेखनाच्या वेगामुळे पुनरावृत्ती अटळ होते. गुन्ह्यामागील सामाजिक कारणांचा शोध त्यांनी घेतला नाही. दुष्ट हा दुष्टच असतो, एवढे त्यांना पुरे होते.

उत्तरायुष्यात काळ बदलला. कोल्हापूरचे बाबा कदम, गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकर यांनी वाचकांची नवी पिढी आपलीशी केली. पुढे दूरदर्शनने फावल्या वेळावर हक्क सांगितला. ज्या गिरणगावाने त्यांना वाचले, तेही १९८२ च्या संपानंतर मोडत गेले. आपला वाचक विखुरताना पाहण्याइतके दीर्घ आयुष्य अर्नाळकरांना लाभले. ४ जुलै १९९६ रोजी, नव्वदी ओलांडल्यावर, त्यांचे निधन झाले.

त्यांच्या पुस्तकांचे दैव त्यांच्या उपयोगातच दडलेले होते. हलक्या कागदावरील ही पुस्तके जपण्यासाठी नव्हे, वाचण्यासाठी छापली गेली आणि वाचूनच संपली. ग्रंथालयांनी जीर्ण प्रती बाद केल्या. विद्यापीठांनी त्या संग्राह्य मानल्या नाहीत. परिणामी जे साहित्य सर्वाधिक हातांतून गेले, तेच अभ्यासकाला आज सर्वात दुर्मिळ झाले आहे. अर्नाळकर श्रेष्ठ लेखक होते काय, हा प्रश्न त्यामानाने सोपा असून त्याचे उत्तर नकारार्थी देता येईल. परंतु शाळा अर्ध्यावर सुटलेल्या हजारो माणसांना अक्षरओळखीकडून वाचनाच्या सवयीकडे कोणी नेले, हा प्रश्न मराठी वाङ्मयाच्या इतिहासाला टाळता येणारा नाही. त्याचे उत्तर शोधताना तालुक्याच्या वाचनालयांतील जुन्या देवघेव-वह्या आणि उरलेल्या फाटक्या प्रती यांचे मोल समीक्षाग्रंथांहून कमी ठरणार नाही.