राज्यघटनेवर शिरोळ तालुक्याची सही

नृसिंहवाडीच्या दत्तमंदिराला शिखर नाही. विजापूरच्या आदिलशहानं या देवस्थानाला औरवाड आणि गौरवाड ही गावं इनाम दिली, असं वाडीत परंपरेनं सांगतात. पुढे कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या आधारानं १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग सुरू झालं आणि आपल्या गोरगरीब मुलांना शिकण्याची वाट मिळाली. दोन्ही गोष्टी अभिमानानं सांगाव्यात अशाच. पण गादीवर येणारा पुढचा राजा तसा दिलदार निघाला नाही तर? राजानं दिलेलं ती मेहेरबानी असते, रयतेचा हक नव्हे. हा हक ज्या कागदावर लिहिला गेला, त्यावर सही करणाऱ्यांत वाडीच्याच तालुक्यातला, म्हणजे शिरोळचा, एक माणूस होता: निमशिरगावचे रत्नाप्पा भरमाप्पा कुंभार.

सगळे त्यांना अण्णा म्हणत. जन्म १५ सप्टेंबर १९०९ चा. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकले आणि चळवळीत पडले. १९३९ मध्ये जयसिंगपुरात प्रजा परिषद उभी राहिली, त्यात माधवराव बागल यांच्याबरोबर अण्णा आघाडीवर होते. मागण्या साध्या होत्या. शेतसारा कमी करा आणि लोकांना जबाबदार असलेलं सरकार द्या. म्हणजे लढाई थेट इंग्रजांशी नव्हती, आपल्याच दरबाराशी होती, आणि ती जास्त अवघड. शाहूंची पुण्याई असलेल्या गादीसमोर उभं राहणं कोल्हापुरात सोपं नव्हतं. १९४२ च्या आंदोलनात अण्णा भूमिगत झाले.

१९४७ ला इंग्रज गेले, तेव्हा संस्थानांनी भारताला सुरुवातीला फक्त तीन विषय दिले: संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण. बाकी सारं दरबारच्या हातात. नदीपलीकडचं कुरुंदवाड, तसंच सांगली आणि मिरज ही संस्थानं ८ मार्च १९४८ ला मुंबई प्रांतात गेली. कोल्हापूर वर्षभर मागे राहिलं आणि १ मार्च १९४९ ला विलीन झालं. शिवछत्रपतींच्या घराण्याचं राज्य संपतंय म्हणून हळहळणारे पुष्कळ होते, आणि ती हळहळ खोटी नव्हती. अण्णा मात्र विलीनीकरणाच्या बाजूचे. माझ्या मते तेच बरोबर होतं. वेगळं राहून शेतकऱ्याचा सारा कमी झाला नसता.

घटना समितीत कोल्हापूरचे दोन सभासद होते, प्राचार्य बा. ह. खर्डेकर आणि अण्णा. त्याच सभागृहात मौलाना आझाद होते, आणि राज्यांना बरीच जास्त मोकळीक मागणारे शायर हसरत मोहानीही. मोहानींचं मत मान्य झालं नाही. घटनेनं मधली वाट काढली. भारत हा राज्यांचा संघ ठरला. पोलीस, जमीन, शेतसारा हे विषय राज्यांकडे राहिले, पण राज्यांच्या सीमा बदलायचा अधिकार कलम ३ नं संसदेला मिळाला. म्हणूनच पुढे १९५६ मध्ये निपाणी, बेळगाव तिकडे गेलं आणि शिरोळ तालुका सीमेवर आला. शिक्षणही आधी राज्याकडेच होतं, १९७६ मध्ये ते समवर्ती सूचीत गेलं. आम्हा मास्तरांना दिल्ली आणि मुंबई, दोन्हीकडची परिपत्रकं वाचावी लागतात ती त्यामुळेच!

त्याच १९७६ साली उद्देशिकेत धर्मनिरपेक्ष हा शब्द आला. त्यामुळे काही जण सांगतात, की मूळ घटनेत हे नव्हतंच. शब्द नव्हता हे खरं, पण कलमं होती. धर्मावरून भेदभाव नको हे कलम १५ मध्ये, सरकारी नोकरीत समान संधी १६ मध्ये, आपापला धर्म पाळायची मोकळीक २५ मध्ये. एखाद्या धर्मासाठी कर भरायची सक्ती नको, हे २७ मध्ये. अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढायचा अधिकार कलम ३० नं दिला, आपल्या समाजाच्या संस्था त्याच्याच आधारावर उभ्या आहेत. विधिमंडळात मुस्लिमांसाठी राखीव जागा ठेवायची कल्पना १९४९ मध्ये सोडून देण्यात आली, तेव्हा आपल्या सभासदांतही एकमत नव्हतं. राखीव जागा गेल्या, हाती राहिली ती ही कलमं. त्यांच्यासाठी कुठल्या राजाची मर्जी सांभाळावी लागत नाही, कोर्टात जाता येतं. २६ जानेवारी १९५० पासून हे असंच आहे.

नंतर अण्णा शिरोळमधून आमदार झाले, राज्यात मंत्रीही झाले. इचलकरंजीजवळ गंगानगरला पंचगंगा सहकारी साखर कारखाना त्यांनी उभा केला. तिथं सभासद शेतकऱ्याला एकच मत, मग शेअर कितीही असोत. १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली. २३ डिसेंबर १९९८ ला ते गेले. आता कारखान्याला त्यांचं नाव आहे, आणि कोल्हापुरातल्या कॉमर्स कॉलेजलाही. अॅडमिशनच्या रांगेत मुलं ती पाटी वाचतात. देशभक्त रत्नाप्पा कुंभार कोण, असं एखाद्यानं विचारलं तर त्याला घटनेच्या मूळ प्रतीवरची त्यांची सही दाखवा.