मुलाला मठ्ठ ठरविण्यापूर्वी : आल्फ्रेड बिने यांचे चरित्र

पालकहो, प्रगतिपुस्तकात दोन विषयांखाली लाल रेघ दिसली की, याचे डोके चालत नाही, याला शाळेतून काढून कामाला लावू, असा निर्णय कित्येक घरांत होतो. तसा निर्णय घेण्यापूर्वी आल्फ्रेड बिने या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाचे चरित्र ध्यानात घ्या.

बिने यांचा जन्म १८५७ साली नीस येथे झाला. त्यांनी कायद्याची पदवी घेतली, पण ओढ मानसशास्त्राची होती. पॅरिसच्या एका रुग्णालयात त्यांनी संमोहनाचे प्रयोग केले. ते सदोष ठरले आणि ती चूक त्यांना जाहीरपणे मान्य करावी लागली. मात्र ते खचले नाहीत. घरी आपल्या दोन लहान मुलींचे ते बारकाईने निरीक्षण करू लागले. एकाच घरात वाढूनही दोघींची विचार करण्याची रीत वेगळी आहे, हे त्यांना उमगले. १८९४ मध्ये ते सोरबोन येथील मानसशास्त्रीय प्रयोगशाळेचे संचालक झाले.

फ्रान्समध्ये १८८२ पासून प्राथमिक शिक्षण सक्तीचे होते. वर्गात मागे पडणाऱ्या मुलांचे काय करावे, हे ठरविण्यासाठी १९०४ साली सरकारने एक आयोग नेमला. बिने त्याचे सदस्य होते. कोणाच्या मर्जीवर मुलाचे भवितव्य अवलंबून राहू नये, म्हणून त्यांनी डॉ. सिमाँ यांच्यासह १९०५ मध्ये सोप्याकडून कठीणाकडे जाणाऱ्या ३० प्रश्नांची कसोटी तयार केली. चित्रातील वस्तू ओळखणे, ऐकलेले आकडे पुन्हा म्हणणे, असे ते साधे प्रश्न होते.

त्याच वर्षी त्यांनी पॅरिसमधील एका प्राथमिक शाळेतच प्रयोगशाळा उघडली. मुख्याध्यापक व्हाने त्यांचे सहकारी होते. वर्गातल्या अडचणी तेथे अभ्यासल्या जात आणि संशोधनाचा उपयोग वर्गातच पडताळून पाहिला जाई.

मागे पडलेल्या मुलांसाठी त्यांनी बुद्धीचा व्यायाम सुचविला. पुतळ्यासारखे स्तब्ध उभे राहणे, फलकावरच्या वस्तू क्षणभर पाहून त्यांची नावे आठवून लिहिणे, असे खेळ रोज घेतले जात. आधी लक्ष द्यायला शिकवावे, मग धडा, हा त्यांचा क्रम होता. बुद्धी जन्मतःच कायमची ठरलेली असते, हे मत त्यांनी १९०९ च्या आपल्या ग्रंथात ठामपणे नाकारले.

१९११ साली, वयाच्या ५४ व्या वर्षी, ते निवर्तले. १९१२ मध्ये स्टर्न यांनी बुद्ध्यंकाची कल्पना मांडली. बिने यांची कसोटी देशोदेशी गेली, आपल्याकडे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी ती मराठी व कानडी मुलांसाठी बेतली. परंतु पुष्कळ ठिकाणी मुलांवर शिक्का मारण्यासाठीच तिचा वापर झाला आणि तिच्या जोडीचा व्यायाम मागे पडला.

म्हणून पालकहो, मुलाचे गुण कमी आले तर प्रथम शिक्षकांना भेटा. मूल नेमके कोठे अडते, ते विचारा आणि तेवढ्याच भागाचा सराव रोज थोडा वेळ घ्या. आणि विद्यार्थी मित्रांनो, आज न सुटलेले गणित उद्याही सुटणार नाही, असे मानू नका. सराव चालू ठेवा.