थिक क्वांग डुक : छायाचित्राआधीचे आयुष्य

सायगावच्या चौकात ज्वाळांमध्ये निश्चल बसलेल्या भिक्षूचे छायाचित्र आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. ती दहा मिनिटे जगाला ठाऊक आहेत. त्यामागची सहा दशके फारसे कोणी सांगत नाही.

थिक क्वांग डुक यांचा जन्म १८९७ सालचा, मध्य व्हिएतनाममधील होई खान्ह या गावचा. घरचे नाव लाम व्हान तुक, भावंडे सात. वयाच्या सातव्या वर्षी त्यांना मामांच्या स्वाधीन केले गेले. मामा भिक्षू होते, तेच गुरू झाले. पंधराव्या वर्षी श्रामणेर, विसाव्या वर्षी उपसंपदा, आणि मग तीन वर्षे निन्ह होआजवळच्या डोंगरावर एकांतवास. पुढे दोन वर्षे कंबोडियात राहून त्यांनी थेरवाद परंपरेचा अभ्यास केला. बाकीचे आयुष्य विहार बांधण्यात गेले. एकूण एकतीस विहार त्यांच्या नावावर आहेत. एका सभागृहाचे छत घालताना वर्गणीसाठी किती उंबरे झिजवावे लागतात हे ज्यांना माहीत आहे, त्यांना या आकड्याचे वजन वेगळे सांगायला नको.

त्या वेळी दक्षिण व्हिएतनामचे अध्यक्ष न्गो दिन्ह जिएम होते. ते कॅथलिक, प्रजा बहुसंख्येने बौद्ध. ८ मे १९६३ रोजी, बुद्धजयंतीला, ह्यू शहरात बौद्ध ध्वज लावण्यास मनाई झाली. काही दिवसांपूर्वीच तिथे जिएम यांच्या आर्चबिशप भावाच्या समारंभात व्हॅटिकनचे झेंडे फडकले होते. एका झेंड्यावरून एवढे? पण सणाची पताका उतरवायला लावली की घरातले म्हातारेकोतारेही उठतात. निषेधाला जमलेल्या लोकांवर बळाचा वापर झाला, नऊ जीव गेले. भिक्षूंनी कायद्यापुढे सर्व धर्मांना समान वागणूक मागितली, मृतांच्या कुटुंबांना भरपाई मागितली. सरकार टाळाटाळ करत राहिले.

११ जूनच्या सकाळी सुमारे साडेतीनशे भिक्षू-भिक्षुणींची मिरवणूक सायगावमध्ये निघाली. चौकात क्वांग डुक गाडीतून उतरले, आसनावर बसले, हाती जपमाळ घेतली आणि अग्नीच्या स्वाधीन झाले. त्यांनी मागे ठेवलेल्या पत्रात अध्यक्षांना विनंती होती : प्रजेवर करुणा ठेवावी, सर्व धर्मांना समान मानावे. सूडाची मागणी त्यात नव्हती.

विनयात आत्मघात निषिद्ध आहे, तेव्हा हे योग्य कसे, असा प्रश्न बौद्धांमध्येही विचारला गेला. त्यांच्यामागून आणखी काही भिक्षूंनी तीच वाट धरली. ती वाट कोणी धरावी असे मला मुळीच वाटत नाही. इतकी पाळी आणणाऱ्या राजवटीचा दोष मात्र त्यामुळे कमी होत नाही. जिएम यांच्या भावजयीने तर या मरणाची जाहीर टिंगल केली, आणि जगभर सरकारची उरलीसुरली अब्रूही गेली.

पाच दिवसांनी समझोता झाला, पण तो पाळला गेला नाही. ऑगस्टमध्ये विहारांवर छापे पडले, शेकडो भिक्षूंना अटक झाली. नोव्हेंबरमध्ये लष्कराने बंड केले, त्यात जिएम मारले गेले.

अंत्यसंस्कारानंतरही क्वांग डुक यांचे हृदय जळले नाही असे अनुयायी मानतात. ते पवित्र अवशेष म्हणून जपले गेले आहे. त्यांना चौकात घेऊन आलेली ती ऑस्टिन गाडी ह्यूच्या थिएन मू विहारात ठेवलेली आहे.