दह्याला मान मिळवून देणारे मेचनिकोव्ह

विरजण आपल्या घरी रोजच लागते. त्यातील जिवाणूंकडे जगाचे लक्ष वेधले ते इल्या मेचनिकोव्ह यांनी. त्यांचा जन्म १८४५ साली, आज युक्रेनमध्ये असलेल्या खारकिव्हजवळ झाला. १८७३ मध्ये पहिली पत्नी क्षयाने गेली आणि ते पार खचले. तरी काम सुटले नाही. १८८२ साली सिसिलीतील मेसिना येथे त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचला. दुसऱ्या दिवशी पाहतात तो काट्याभोवती पेशी गोळा झालेल्या! शरीर रोगाशी कसे लढते, याचा धागा तेथे सापडला. याच कार्यासाठी १९०८ चे नोबेल त्यांना एर्लिख यांच्यासह मिळाले.

पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत ते आतड्यांकडे वळले. मोठ्या आतड्यात अन्न कुजून विष होते, त्याने म्हातारपण लवकर येते आणि आंबट दुधातील जिवाणू ते कुजणे थांबवतात, असे त्यांचे मत होते. बल्गेरियातील दीर्घायुषी शेतकऱ्यांचे दही हा त्यांचा आधार. स्वतःही ते रोज आंबट दूध घेत. आम्हांला वाटते, येथे त्यांनी थोडी घाईच केली. दह्यातील ते जिवाणू आतड्यात कायमची वस्ती करत नाहीत, असे नंतर दिसून आले. मात्र आहाराने आतड्यातील जिवाणू बदलतात, ही त्यांची दिशा बरोबर निघाली. १९१६ साली, वयाच्या ७१ व्या वर्षी, हृदयविकाराने पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले.