पाण्यावर आग लावणारा अप्रेंटिस

सोडियमचा तुकडा पाण्यात टाकल्याचा व्हिडिओ तुम्ही कधी ना कधी बघितलाच असेल. तुकडा वितळतो, गोळी होऊन पाण्यावर सैरावैरा पळतो आणि मग फट्! आपण समीकरण लिहून दोन मार्क घेतो आणि पुढे जातो. पण हे धातू ज्याने पहिल्यांदा वेगळे काढले, त्या हम्फ्री डेव्हीला पुस्तकात जेमतेम एक ओळ मिळते. भोसरी-चाकणच्या पट्ट्यात अप्रेंटिसशिप करत शिकणाऱ्यांना तर त्याची गोष्ट ओळखीची वाटेल.

डेव्ही १७ डिसेंबर १७७८ रोजी इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, पेन्झान्समध्ये जन्मला. वडील लाकडावर कोरीवकाम करायचे. १७९४ मध्ये ते गेले आणि मागे कर्ज राहिलं. मग थोरला मुलगा गावातल्या सर्जनकडे शिकाऊ म्हणून लागला. कॉलेज नाही, डिग्री नाही. रसायनशास्त्र तो पुस्तकं वाचून आणि हाताने करून बघत शिकला. १७९८ मध्ये त्याला ब्रिस्टलच्या एका संस्थेत नोकरी मिळाली. वायू हुंगून आजार बरे होतात का, हे तिथे तपासायचे. पठ्ठ्या प्रयोग स्वतःवरच करायचा. एकदा तर कार्बन मोनॉक्साइड असलेला वायू हुंगून मरता मरता वाचला. १८०१ मध्ये तो लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आला आणि त्याच्या व्याख्यानांना तुडुंब गर्दी व्हायला लागली.

व्होल्टाची बॅटरी तेव्हा नवीकोरी होती. पोटॅश हा पदार्थ कशानेच फुटत नव्हता. तो संयुग असावा, असा डेव्हीला संशय होता. त्याने पोटॅश पाण्यात विरघळवून त्यातून वीज सोडली. हाती आले फक्त हायड्रोजन आणि ऑक्सिजन, म्हणजे फुटलं ते पाणीच! मग त्याने पाणी वगळून पोटॅश वितळवला. धातू सुटला, पण सुटता सुटता जळून गेला. शेवटी त्याने मधला मार्ग काढला. घन पोटॅशला थोडी हवा लागू दिली, म्हणजे वीज वाहण्यापुरती ओल त्याने धरली. ६ ऑक्टोबर १८०७ रोजी त्यातून पाऱ्यासारखे चमकदार थेंब बाहेर आले आणि काही तिथेच पेटले. ते होतं पोटॅशियम. आनंदाने डेव्ही प्रयोगशाळेत अक्षरशः नाचला, असं त्याचा मदतनीस असलेल्या चुलतभावाने सांगून ठेवलंय. काही दिवसांतच सोडियमही हाती आलं.

आता पाण्याची गंमत बघा. या धातूंच्या अणूत बाहेरच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन असतो आणि तो सहज सुटतो. पाणी तो घेतं, हायड्रोजन सुटतो आणि मागे अल्कली उरते. उष्णता इतकी होते की धातू वितळतो. पोटॅशियम तर हायड्रोजनला पेटवतंच, म्हणून ती जांभळट ज्योत दिसते. हवा आणि ओल लागू नये म्हणून डेव्ही हे धातू नाप्था तेलात ठेवायचा. आपल्या लॅबमध्ये सोडियम रॉकेलमध्ये असतं, ते याच कारणाने.

१८१८ च्या सुमारास त्याने लिथियमही थोडंसं वेगळं काढलं. हा त्या घराण्यातला शांत भाऊ. पाण्यात फसफसतो, पण वितळत नाही. आज आकुर्डीत इलेक्ट्रिक चेतक बनते, चाकणमध्ये महिंद्राच्या इलेक्ट्रिक एसयूव्ही बनतात. त्यांच्या बॅटरीत लिथियम असतं, पण धातूच्या तुकड्यासारखं नाही, आयनच्या रूपात. म्हणूनच अशा बॅटरीला आग लागली, तर अग्निशमन दल तिला थंड करायला भरपूर पाणीच मारतं. सेल बनवताना मात्र ओल चालत नाही. ती खोली कोरडी ठेवावीच लागते.

डेव्हीने धोक्याची किंमतही मोजली. १८१२ मध्ये दुसऱ्याच एका स्फोटक रसायनाने त्याच्या डोळ्याला इजा झाली. लिहायला मदतनीस हवा म्हणून त्याने एका तरुणाला बोलावलं आणि पुढच्या वर्षी नोकरीही दिली. हा तरुण पुस्तकबांधणीच्या दुकानात शिकाऊ होता. त्याचं नाव मायकेल फॅरेडे.

१८१५ मध्ये खाणकामगारांसाठी सुरक्षित दिवा बनवून त्याचं पेटंट न घेणारा हाच डेव्ही. पण फॅरेडे मोठा होऊ लागला, श्रेयावरून खटके उडाले आणि १८२४ मध्ये रॉयल सोसायटीत फॅरेडेच्या निवडीला विरोध केला तो अध्यक्ष असलेल्या डेव्हीनेच. फॅरेडे तरीही निवडून आला. डेव्ही २९ मे १८२९ रोजी जिनिव्हात गेला, अवघ्या पन्नासाव्या वर्षी.

उद्या लाइनवर तुम्ही सीनियर व्हाल. एखादा नवा अप्रेंटिस तुमच्यापेक्षा चांगलं काम करायला लागला, तर सहा मूलद्रव्यं शोधणाऱ्या या माणसाला जे जमलं नाही, ते जमवून बघा.