नेव्हरसिंककाठचा एकांडा शिलेदार

न्यूयॉर्क राज्यातील कॅटस्किल पर्वतरांगांत हिवाळा कडक असतो. नेव्हरसिंक नदीचे काठ गोठतात, ट्राउट मासे मंदावतात. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी अशा दिवसांत, मासेमारीचा हंगाम बंद असताना, थिओडोर गॉर्डन शेकोटीच्या उबेला बसून गळावर पिसे आणि रेशमी धागा गुंडाळत कृत्रिम माशा बांधत असत. त्या विकूनच त्यांची थोडीफार मिळकत होई.

१८५४ मध्ये पिट्सबर्ग येथे जन्मलेल्या गॉर्डन यांची प्रकृती तोळामासा होती. पुढे क्षयाने गाठले. लग्न केले नाही. उत्तरायुष्यात शहराकडे पाठ फिरवून त्यांनी नदीकाठच नित्याचा केला.

त्या काळी या नद्यांचे रूप पालटत होते. कातडी कमावण्यासाठी साल हवी म्हणून हेमलॉकची जंगले तुटली, सावली गेली आणि मूळचा ब्रूक ट्राउट रोडावला. १८८३ मध्ये जर्मनीहून तपकिरी ट्राउटची अंडी अमेरिकेत आली. हा मासा मोठा चाणाक्ष. पाण्यावर तरंगत येणारे किडे तो पारखून टिपतो. बुडत्या, भडक रंगांच्या जुन्या माशांना तो सहजी भुलेना.

इंग्लंडमध्ये फ्रेडरिक हॅलफर्ड यांनी तरंगत्या माशीचे, म्हणजे ‘ड्राय फ्लाय’चे तंत्र सविस्तर मांडले होते. गॉर्डन यांनी त्यांना पत्र पाठविले. फेब्रुवारी १८९० मध्ये हॅलफर्ड यांचे उत्तर आले, सोबत माशांचे नमुनेही. अडचण वेगळीच होती. दक्षिण इंग्लंडमधील त्या नद्या संथ, तर नेव्हरसिंक खळाळती. शिवाय किडेही निराळे. गॉर्डन यांनी इथले किडे न्याहाळले, कोंबड्याच्या मानेवरील ताठ पिसे विरळ गुंडाळून वेगवान पाण्यावरही टिकेल अशी माशी घडविली. मोरपिसाच्या सोललेल्या तंतूचा देह असलेली त्यांची ‘क्विल गॉर्डन’ आजही गळाला लावली जाते.

अमेरिकी ड्राय फ्लायचे जनक ही त्यांची उपाधी मात्र जराशी सैल आहे. तरंगत्या माशा त्यांच्याआधीही तिथे कोणी कोणी वापरल्या होत्या. परक्या नदीची विद्या आपल्या नदीला जुळवून घेणे, हे त्यांचे खरे काम.

त्यांनी पुस्तक लिहिले नाही. लंडनच्या ‘फिशिंग गॅझेट’मध्ये आणि अमेरिकेतील ‘फॉरेस्ट अँड स्ट्रीम’मध्ये त्यांची टिपणे येत, ती आणि त्यांची पत्रे १९४७ मध्ये ग्रंथरूपाने आली. माशी बांधण्याची विद्या त्यांनी लिबर्टी गावच्या टपाल कार्यालयातील रॉय स्टीनरॉड यांना दिली. एका जुन्या छायाचित्रात गॉर्डन यांच्यासोबत नदीत गळ टाकणारी एक तरुणी दिसते. ती कोण, हे अभ्यासकांना आजवर उलगडलेले नाही.

१ मे १९१५ रोजी, ट्राउटचा हंगाम नुकताच उघडलेला असताना, त्यांचे निधन झाले. पुढे न्यूयॉर्क शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी नेव्हरसिंकवर धरण बांधले गेले. गॉर्डन ज्या पाण्यात मासे धरत, त्यातील बराचसा भाग आज जलाशयाच्या तळाशी आहे.